कृतज्ञतेची वही एचआरसाठी नसते

(पत्र थोडं कमी करून आणि ओळख पटेल असे तपशील काढून छापलं आहे.)

ताई, नमस्कार. मी नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यापासून आयसीयूच करतेय. मागच्या काही महिन्यांत आमच्या दोन सिनिअर सिस्टर सोडून गेल्या, त्यांच्या जागा अजून भरल्या नाहीत. व्हेंटिलेटरवरचे दोन, कधीकधी तीन पेशंट एकीच्या वाट्याला येतात. मॅनेजमेंटने आमच्यासाठी 'वेलनेस' उपक्रम सुरू केलाय. सकाळच्या हँडओव्हरच्या आधी वीस मिनिटं सेमिनार हॉलमध्ये यायचं, स्पीकरवर ध्यान लावतात, डोळे मिटून बसायचं. मग वहीत 'आजच्या पाच कृतज्ञता' लिहायच्या. महिनाअखेर एचआरच्या मॅडम वह्या तपासतात आणि एकीला बॅज मिळतो.

मागे एकदा डेंग्यूचा एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्याच ड्युटीत गेला. सीपीआर झाला, आरएमओंनी (ड्युटीवरच्या डॉक्टरांनी) डेथ डिक्लेअर केली, मी बॉडी पॅक केली, बेड कार्बोलाइज केला (जंतुनाशकाने पुसला) आणि तासाभरात त्याच बेडवर नवीन अॅडमिशन घेतली. मला काहीच वाटलं नाही. चार दिवसांनी घरी कुकरची शिट्टी झाली आणि मी ओट्यापाशी रडत बसले. आता डोळे मिटले की मॉनिटरचा अलार्म ऐकू येतो. त्याच्या आईने माझं मनगट धरलं होतं ते आठवतं. वहीत मी रोज तेच लिहिते, 'माझ्याकडे नोकरी आहे, माझे हातपाय धड आहेत'. खोटं लिहिल्यासारखं वाटतं. सासूबाई म्हणतात नामस्मरण कर. मिस्टर म्हणतात सोड ती नोकरी. मैत्रीण म्हणते इगतपुरीला विपश्यनेला दहा दिवस जाऊन ये. मी दगड झालेय का? ह्या ध्यानाचा आणि कृतज्ञतेचा खरंच उपयोग असतो, की माझ्यातच काही कमी आहे?

एक सिस्टर, नाशिक

प्रिय सिस्टर,

दगड झाला असतात तर त्या आईची पकड मनगटावर राहिली नसती. तो प्रश्न आधी निकालात काढू.

त्या तासात तुम्हाला काही वाटलं नाही, कारण वाटायला उसंतच नव्हती. कंप्रेशन मोजायचे, अॅड्रिनलिनच्या वेळा सांगायच्या, नोंदी पुऱ्या करायच्या, नातेवाइकांना आत घ्यायचं, आणि तेवढ्यात कॅज्युअल्टीतून फोन की बेड रिकामा झाला का. अशा वेळी भावना मागे सारून हात चालू ठेवता येणं ही आयसीयूत काम करणाऱ्या माणसाची कमाई आहे. बिघडतं ते पुढे. मागे सारलेलं परत उचलायला तुम्हाला कोणी वेळच दिला नाही. शिफ्ट संपली, स्कूटी काढली, घरी येऊन भाजी चिरली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बेडसमोर उभ्या. मग ते सगळं कुकरच्या शिट्टीला बाहेर आलं. कुठून तरी येणारच होतं.

क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन ह्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये कामाचा असा थकवा, म्हणजे 'बर्नआउट', मोजायची प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरतात. तिच्यात तीन गोष्टी बघतात. पहिली, मन पिळून निघाल्यासारखं होणं. दुसरी, समोरचा माणूस माणूस न वाटता 'सात नंबर बेड' वाटू लागणं. तिसरी, आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटणं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत, आणि तिसरीने तर शेवटचा प्रश्नच लिहून घेतलाय: 'माझ्यातच काही कमी आहे?' जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या नव्या वर्गीकरणात ह्या अवस्थेची नोंद केली, पण आजारांच्या यादीत तिला बसवलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी, कामाशी जोडलेली स्थिती, अशी तिची व्याख्या आहे. म्हणजे कमी शोधायचीच असेल तर ती आधी ड्युटी रोस्टरमध्ये शोधावी.

मात्र डोळे मिटले की अलार्म ऐकू येणं, मनगट आठवणं हे नुसत्या थकव्याचं लक्षण नाही. मनाला बसलेल्या धक्क्याचं आहे. बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. महिना उलटूनही तितक्याच जोराने येत असेल, झोप मोडत असेल, त्या बेडकडे जाणं टाळावंसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तुमच्याच रुग्णालयात दाखवायला संकोच वाटत असेल तर बाहेर दाखवा. आणि घरातही कशात रस उरला नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर पुढचं वाचायच्या आधी टेली-मानसच्या १४४१६ ह्या नंबरवर फोन करा. सरकारी सेवा आहे, चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आपण पेशंटच्या नातेवाइकांना हा नंबर लिहून देतो आणि स्वतः मात्र वापरत नाही, हे मी नर्सेसमध्ये फार बघते. जाता जाता सीबीसी आणि थायरॉइडही करून घ्या. नाईट करणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता ध्यान. तुमच्यासाठी पहिली सूचना अगदी साधी: सध्या डोळे मिटू नका. ताज्या धक्क्यातल्या माणसाला डोळे मिटवून शांत बसवलं की कधीकधी तेच दृश्य मोठं होऊन समोर येतं. ध्यान शिकवणाऱ्या जाणत्या लोकांना हे माहीत असतं. स्पीकरला माहीत नसतं. सेमिनार हॉलमध्ये तुम्हाला घाबरल्यासारखं होत असेल तर तो तुमचा नाठाळपणा नाही. हॉलमध्ये बसावंच लागलं तर डोळे उघडे ठेवा, नजर समोरच्या जमिनीवर ठेवा आणि दोन्ही तळपाय चपलेत कसे टेकलेत तेवढंच बघा. कोणी हटकलं तर सांगा की मला असंच शिकवलंय. मी शिकवलं म्हणून सांगा.

तुम्हाला खरा वेळ सापडेल तो सॅनिटायझरच्या बाटलीपाशी. हँडरबने हात चोळायला वीस ते तीस सेकंद द्यावेत असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे, आणि पेशंटला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, प्रोसीजरच्या आधी असं शिफ्टमध्ये कितीतरी वेळा ते करावंच लागतं. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर तुमच्या मागे लागतातच. त्या सेकंदांत डोकं बहुतेक पुढच्या बेडवर पोचलेलं असतं. त्याऐवजी श्वास हळू सोडा. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा. घेताना चार मोजा, सोडताना सहा. एका हँडरबमध्ये असे दोन, फार तर तीन श्वास बसतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात हे तुम्ही मॉनिटरवर तरुण पेशंटच्या रिदममध्ये पाहिलंच असेल. सावकाश सोडलेल्या श्वासाने व्हेगस नर्व्हचा (हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या मज्जातंतूचा) तोच परिणाम तुम्ही स्वतःवर करून घेता. बोटांमधला गारवा, जेल सुकताना ओढली जाणारी कातडी, इतकंच लक्षात घ्यायचं. दर वेळी जमणार नाही. क्रॅश कॉल, म्हणजे कोणाचं हृदय थांबल्याची धावपळ, चालू असताना तर विचारही करू नका. शिफ्टमध्ये पाच-सहा वेळा जमलं तरी पुष्कळ झालं. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, घरून लवकर निघावं लागत नाही आणि इन्फेक्शन कंट्रोलचं ऑडिटही सुधारतं.

दुसरी गोष्ट मृत्यूनंतरची. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या नर्सने एक छोटी पद्धत सुरू केली. सीपीआर यशस्वी झाला नाही, डेथ डिक्लेअर झाली, की लगेच पांगायचं नाही. टीममधलं कोणीतरी दोन वाक्यं बोलतं आणि सगळे बेडभोवती मिनिटभर गप्प उभे राहतात. प्रार्थना नाही, भाषण नाही; ज्याने त्याने आपापल्या मनात जे असेल ते. तिथून ती पद्धत बऱ्याच रुग्णालयांत गेली. आपल्याकडे ती आणायला मशीन लागत नाही की बजेट लागत नाही. आरएमओ किंवा तुम्ही एवढंच म्हणायचं: "हा कोणाचा तरी लेक होता. आपण सगळ्यांनी जिवाचं रान केलं. मिनिटभर थांबू या." शाळेत आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलेले लोक आहोत, आपल्याला हे शिकवावं लागत नाही. कॅज्युअल्टीला एक मिनिट जास्त थांबावं लागेल, थांबतील. त्या मुलासाठी ते मिनिट मिळालं नाही. हवं असेल तर आता घ्या, ड्युटीवर त्या बेडपाशी किंवा घरी देवापाशी. मोठ्याने बोलायची गरज नाही.

तिसरी गोष्ट अजून अवघड आहे, पण आयसीयूत तिच्यावाचून निभत नाही असं माझं मत आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. लोकांना दुसऱ्याच्या दुःखाच्या चित्रफिती दाखवल्या. आधी त्यांना समोरच्याचं दुःख जसंच्या तसं स्वतःत अनुभवायचं प्रशिक्षण दिलं, तेव्हा त्यांना जास्तच त्रास होऊ लागला. मग त्याच लोकांना समोरच्याचं भलं चिंतायला शिकवलं, तेव्हा तो त्रास उतरला आणि मायेची, जवळिकीची भावना वाढली. मेंदूतली सक्रिय होणारी जाळीही दोन्ही वेळी वेगवेगळी होती. आपल्याकडे चांगल्या नर्सने पेशंटचं दुःख आपलं मानावं असं ट्रेनिंगपासून सांगतात. तसं रोज करणारी बाई किती वर्षं टिकेल? रात्री तीन वाजता एखादा बाप काचेवर हात आपटून विचारतो, "सिस्टर, माझ्या पोराला काय झालं ते नीट सांगत का नाही?" तेव्हा त्याची भीती आपल्या छातीत भरून घेऊ नका. मनात एवढंच म्हणा, ह्याला ह्यातून वाट मिळो. आणि मग जे सांगायचं ते सांगा. हा काही चमत्कार नाही, सरावाने जमतं. घरी आधी सोप्या माणसांवर करून बघा. भाचा, शेजारची आजी. सासूबाई नंतर घ्या. आणि एक लक्षात ठेवा, माया वेगळी आणि मार खाणं वेगळं. कोणी अंगावर आलं तर सिक्युरिटी बोलवा आणि लेखी नोंद करा. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे.

सासूबाईंचं नामस्मरण? आवडत असेल तर जरूर करा. लयीत म्हटलेल्या नामाने श्वास आपोआप संथ होतो. आवडत नसेल तर 'हो करते' म्हणा आणि झोपा. नाईटनंतर झोपेच्या वाट्याचा वेळ ध्यानाला देऊ नका. ध्यानाला बसून डुलकी लागली तर शरीराने उत्तर दिलंय, ते ऐका. आणि नाईट संपल्यावर डोळे मिटत असतील तर स्कूटी रुग्णालयातच ठेवून रिक्षाने या.

इगतपुरीबद्दल. धम्मगिरीच्या विपश्यना शिबिरांबद्दल मला आदर आहे. दहा दिवसांचं शिबिर, राहणं-खाणं विनामूल्य, सगळं आधीच्या साधकांच्या दानावर चालतं. पण तुमच्या मैत्रिणीला वाटतं तशी ती विश्रांती नव्हे. पहाटे चारला घंटा होते, दिवसाला दहाएक तास बसायचं, पूर्ण मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. ज्या बाईला डोळे मिटल्यावर अलार्म ऐकू येतो तिने आत्ता ह्या महिन्यात तिथे जाऊ नये असं मला स्पष्ट वाटतं. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये मानसिक तब्येतीबद्दल विचारतात ते उगीच नाही. वर्षभराने, झोप लागायला लागल्यावर, आवड म्हणून जायचं असेल तर जा.

आता वही. ह्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण इथे एक चांगली गोष्ट बिघडवून तुमच्या हातात दिलीय.

कृतज्ञतेच्या नोंदीचा उपयोग होतो का? होतो, थोडा होतो आणि बऱ्याच जणांना होतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो ह्या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना आठवड्याला एकदा आभार मानावेत अशा गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला सांगितल्या. आभाराच्या गटाला आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. तुमच्या कामाच्या जवळचा अभ्यास हाँगकाँगचा. २०१५ मध्ये तो छापून आला. सार्वजनिक रुग्णालयांतल्या शंभरेक कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एका गटाने आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, कामावरच्या आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी लिहिल्या, तिसऱ्याने काहीच लिहिलं नाही. पहिल्या गटाचा ताण आणि उदासी तीन महिन्यांनंतरही कमी राहिली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्रायन सेक्स्टन ह्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांना पंधरा दिवस रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी नोंदवायला लावलं; वर्षानंतरही थकवा आधीपेक्षा कमी दिसला. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता आणि अभ्यासकांनी त्याला प्राथमिक अभ्यासच म्हटलंय, तेव्हा फार नाचायचं कारण नाही.

ह्या सगळ्यांत काय सारखं आहे ते बघा. आठवड्यातून एकदा, दोनदा, नाहीतर सलग पंधरा दिवस आणि मग बंद. कोणालाही वर्षभर रोज पाच लिहायला लावलेलं नाही. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की ह्यांच्या एका प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोजच्या रोज लिहिलं की तो चार्ट भरण्याचा प्रकार होतो. आणि चार्ट न बघता भरायची सवय नर्सिंगमध्ये कोणाला नसते, सांगा. शिवाय ह्यांपैकी कुठल्याही प्रयोगात वही वाचून बॅज देणारं कोणी नव्हतं. एचआरच्या नजरेसाठी लिहिलेली कृतज्ञता म्हणजे हजेरी. तेव्हा तुम्ही खोटं लिहिता ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. ती वही खोटंच मागते. 'नोकरी आहे, हातपाय धड आहेत' हे तिच्यासाठी पुरेसं आहे.

पण त्या दोन वाक्यांत अजून एक खोट आहे, आणि ती फक्त एचआरच्या माथी मारता येणार नाही. 'माझे हातपाय धड आहेत' हे तुम्हाला सुचलं ते ज्याचे हातपाय धड नाहीत त्याच्याकडे बघून. त्याच्याकडे बघ, तू किती सुखी, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवतात. ऑफिसात काम करणाऱ्याला ते कधीतरी चालून जातं. तुम्ही मात्र ज्यांच्यापेक्षा सुखी आहात ती माणसं दिवसाचे आठ तास तुमच्या समोर असतात. त्यांच्या दुःखावर आपलं समाधान उभं करायचं म्हटलं की मन आतून नाही म्हणतं आणि अपराधी वाटतं. त्या एकोणीस वर्षांच्या मुलानंतर 'मी जिवंत आहे' म्हणून आभार कसे मानणार? मानू नका. सुचत नाही हे तुमच्या चांगुलपणाचंच लक्षण आहे.

स्वतःची एक वेगळी, छोटी वही करा. कोणाला दाखवू नका, मिस्टरांनाही नाही. आठवड्यातून दोनदा, ऑफच्या आदल्या रात्री आणि मध्ये एकदा, दोन-तीन ओळी. मोठं काही नको. ड्युटीवर जे नीट झालं ते लिहायचं, आणि ते का झालं, कोणामुळे झालं, हे शेजारी लिहायचं. हे 'का' महत्त्वाचं आहे, मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन ह्यांच्या २००५ मधल्या तीन चांगल्या गोष्टींच्या प्रयोगातही कारण लिहायला सांगितलं होतं. उदाहरणार्थ: 'चार नंबरच्या आजींची शीर पहिल्याच प्रिकला मिळाली. घाई केली नाही, आधी गरम कपडा ठेवला.' 'आज ट्यूब काढल्यावर काकांनी पहिला शब्द उच्चारला, चहा. वीनिंगच्या (व्हेंटिलेटर हळूहळू कमी करण्याच्या) वेळी फिजिओच्या सरांनी सोडलं नाही.' 'मावशींनी न सांगता पेशंटला कुशीवर करायला हात दिला, म्हणून बेडसोर झाला नाही.' बघा, ह्यात देवाचे आभार नाहीत की नशिबाचेही नाहीत. कोणीतरी काहीतरी केलं आणि त्याचा उपयोग झाला, एवढंच आहे. 'आपल्या हातून काही होत नाही' ह्या तिसऱ्या लक्षणावर ह्या नोंदी हळूहळू काम करतात. एखाद्या आठवड्यात काहीच सुचलं नाही तर तारीख टाकून पान कोरं सोडा. वाईट गोष्टही लिहावीशी वाटली तर लिहा, वही तुमची आहे. महिन्याभराने कंटाळा आला तर बंद करा आणि पुन्हा वाटेल तेव्हा सुरू करा.

त्या नोंदींमधली एखादी कधीतरी तोंडाने बोलून टाका. 'थँक्यू मावशी' आपण दिवसभर म्हणतो, ते ऐकू येत नाही. "मावशी, तुम्ही काल त्या पेशंटला दर दोन तासांनी वळवायला आलात, म्हणून त्याची पाठ चांगली राहिली" हे वेगळं लागतं. आयसीयूत आभार नेहमी डॉक्टरांकडे जातात आणि पेढेही त्यांच्याच केबिनमध्ये जातात. खालपर्यंत काही पोचत नाही. तुम्ही पोचवा. तुमच्यापर्यंत कोण पोचवेल, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो मला मॅनेजमेंटकडे न्यायचा आहे.

एकट्या जाऊ नका. तुमच्यासारख्या तिघी-चौघींनी मिळून मेट्रन मॅडमना भेटा आणि आधी उपक्रमाबद्दल चांगलं बोला, कारण ज्यांनी तो सुरू केला त्यांचा हेतू बहुधा वाईट नसतो. मग सांगा: ध्यान ऐच्छिक असावं. ते ड्युटीच्या वेळेत असावं, वीस मिनिटं लवकर येणं म्हणजे आमच्या झोपेतून कापणं. वह्या तपासू नयेत. पुरावा मागितला तर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१४ मधल्या अभ्यासाबद्दल सांगा. तिथे डॉक्टरांना दर पंधरवड्याला एक तास पगारी वेळ दिला, त्या वेळात ते छोट्या गटात बसून आपल्या कामाबद्दल बोलले, नऊ महिने. पेशंटकडे वस्तूसारखं बघणं कमी झालं, कामात अर्थ वाटू लागला. दुसऱ्या गटाला तेवढाच मोकळा तास दिला होता पण गट नव्हता, त्यांच्यात तितका फरक पडला नाही. म्हणजे वेळ रुग्णालयाने द्यायचा आणि एकमेकांशी बोलायचं, दोन्ही लागतं. तुमच्या सेमिनार हॉलमध्ये ह्यातलं एकही नाही: वेळ तुमचा जातो आणि बोलतो तो स्पीकर. आठवड्यातून एकदा, दुपारच्या ओव्हरलॅपमध्ये अर्धा तास, दार बंद, चहा, आणि त्या आठवड्यात मनाला लागलेल्या एका पेशंटबद्दल बोलणं. मागणी इतकीच ठेवा. एचआर नको, इन्चार्ज चालतील.

आणि स्टाफ. व्हेंटिलेटरवरचे तीन पेशंट एका सिस्टरकडे ही गोष्ट ध्यानाने सुटत नाही. आयसीयूत एका पेशंटमागे एक नर्स हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. हे मेट्रन मॅडमना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, त्याही वर लिहून लिहून थकल्या असतील. तरी प्रत्येक वेळी तीन पेशंट आले की ड्युटी रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि संख्या लिहा. भांडणाच्या सुरात नको, नुसती नोंद. ऑडिटच्या वेळी लेखी नोंदी बोलतात, आणि उद्या काही विपरीत घडलं तर तुमच्या बाजूने तेवढाच कागद असतो. शांत मनाची नर्स तीन व्हेंटिलेटर सांभाळेल म्हणून ध्यान शिकवायचं असेल, तर असलं ध्यान नकोच.

राहिला मिस्टरांचा सल्ला. नाईटच्या आठवड्यात असे निर्णय घेऊ नका. आधी रजा काढा, शिल्लक असेलच. आठ दिवस तरी. झोप भरल्यावर, आणि डॉक्टरांना दाखवायचं ठरलं तर ते झाल्यावर, मेट्रन मॅडमना भेटून आलात की दोन महिने थांबून बघा. दोन जागा भरल्या, सकाळची वीस मिनिटं परत मिळाली, अलार्म विरळ झाला, तर आयसीयू सोडायची घाई नको. तुमच्यासारखी अनुभवी सिस्टर गेली की उरलेल्यांकडे तीनाऐवजी चार येतात, हे खरं असलं तरी ते ओझं तुमच्या डोक्यावर घेऊ नका, जागा भरणं तुमचं काम नाही. काहीच बदललं नाही तर आधी त्याच रुग्णालयात डायलिसिस, ओपीडी किंवा इन्फेक्शन कंट्रोलला बदली मागा. आयसीयूच्या अनुभवाला तिथे मान असतो. तीही मिळाली नाही तर मिस्टरांचं ऐका, पण दुसरीकडचं अपॉइंटमेंट लेटर हातात आल्यावर. आणि मुलाखतीला जाल तेव्हा पगाराच्या आधी विचारा, तुमच्याकडे आयसीयूत एका सिस्टरला पेशंट किती असतात?